गावातले पथदिवे सौर करायचे का? पर्यावरणाच्या बाजूने नेमका हिशेब हवा आहे

डोंगरवाट

अकोले तालुक्यातलं, घाटमाथ्याजवळचं गाव. ग्रामपंचायत वित्त आयोगाच्या निधीतून ४८ सौर पथदिवे घ्यायच्या बेतात आहे. ठरावात 'पर्यावरणपूरक' असा शब्द आला आणि ग्रामसभेत दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, उन्हाची वीज स्वच्छ आहे, यात वाद कसला? दुसरी बाजू म्हणते, पंचक्रोशीत बसवलेल्या सौर खांबांपैकी कितीतरी बंद पडून नुसते उभे आहेत, बॅटऱ्या भंगारात गेल्या, त्याला पर्यावरणपूरक कसं म्हणायचं?

जागा तीन प्रकारच्या आहेत.

गावठाणात ३० दिवे. इथे वीजवाहिनीचे खांब आहेतच. त्यांवर बहुतेक ४० वॅटच्या ट्यूब, चार-पाच ठिकाणी ७० वॅटचे सोडियम दिवे.

गावठाण ते वाडी या सव्वा किलोमीटरच्या पाणंद रस्त्यावर १२ दिवे. इथे लाइन नाही. शाळेची मुलं आणि कामावरून येणाऱ्या बायका अंधार पडल्यावर याच वाटेने येतात, बिबट्याचा वावर आहे.

ओढ्याकाठी आणि देवराईच्या कडेने ६ दिवे.

दोन दरपत्रकं आली आहेत. दोन्हींत २० वॅटचा एलईडी, ७५ वॅटचं पॅनेल, ६ मीटरचा नवा लोखंडी खांब आणि ६५०० केल्विनचा पांढरा प्रकाश. फरक बॅटरीचा: एकात १२ व्होल्ट ७५ अँपिअर-अवरची ट्युब्युलर लेड-अ‍ॅसिड, दुसऱ्यात १२.८ व्होल्ट ३० अँपिअर-अवरची लिथियम फेरो फॉस्फेट.

जाणकारांनी सांगावं: यात पर्यावरणाचा फायदा खरोखर किती? तोटे कुठले? आणि ४८ च्या ४८ सौरच असावेत का?

---

वॅटमीटर

तिन्ही जागांचं उत्तर वेगवेगळं आहे, म्हणून एकच ठराव नको. आधी आकडे.

२० वॅटचा दिवा रात्रभर, १२ तास, पूर्ण उजेडात जळला तर एका रात्रीत २४० वॅट-तास आणि वर्षाला साधारण ८८ युनिट. आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एक दिवा वर्षाला ६० किलोच्या आसपास वाचवतो. पहिले ५ तास पूर्ण आणि उरलेले ७ तास निम्म्या उजेडात लावला तर रात्रीचे १७० वॅट-तास, वर्षाचे ६२ युनिट, बचत ४३ किलो.

आता तो दिवा उभा करायला काय खर्ची पडतं ते पाहा. पॅनेल बनवताना ढोबळमानाने ५० किलो, लिथियम बॅटरीला ३० किलो, दिवा-कंट्रोलर (चार्जिंग आणि दिव्याची वेळ सांभाळणारं सर्किट)-ब्रॅकेट मिळून १५ किलो. सगळ्यात जड हिस्सा मात्र कुणी मोजत नाही तो: खांब आणि त्याचा पाया. ६ मीटरचा गॅल्व्हनाइज केलेला खांब ५०-५५ किलो पोलादाचा, त्याचा कार्बन ११०-१२० किलो. पायाला एक गोणी सिमेंट, त्याचा ३५-४० किलो. बेरीज अडीचशे किलोच्या घरात जाते. हे वर्षाला ४३ ते ६० किलोने फेडायचं तर ४ ते ६ वर्षं लागतात, आणि त्याच सुमारास पहिली बॅटरी बदलायला येते. दिवा १२-१५ वर्षं चालला तर फायदा पक्का. तिसऱ्या वर्षी बंद पडला तर पर्यावरणाचं निव्वळ नुकसान. 'सौर' हा शब्द ते नुकसान भरून काढत नाही.

गावठाणातले ३० दिवे: इथे खांब उभे आहेत, तार आहे. त्याच खांबावर ट्यूब काढून २० वॅटचा एलईडी लावा. जुनी ट्यूब चोकसकट ५०-५५ वॅट खाते, ७० वॅटचा सोडियम ८५ वॅटच्या आसपास. ट्यूबमागे वर्षाला दीडशे युनिट वाचतात, म्हणजे शंभर किलोच्या वर कार्बन. सोडियममागे २८५ युनिट, म्हणजे २०० किलो. ना नवा खांब, ना बॅटरी. एलईडीच्या कारखान्यातला कार्बन दोन-तीन महिन्यांत फिटतो. ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रमात हेच सूत्र होतं, आधी दिवा बदला. देशभरात या कामाने जेवढी वीज वाचली तेवढी सौर खांबांनी वाचणं शक्य नव्हतं.

सौर हवंच असेल तर ते खांबावर नको, छतावर हवं. ३० दिव्यांची गरज वर्षाला सुमारे १,८६० युनिट. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या छतावर १.५ किलोवॅटचा ग्रिडला जोडलेला संच, नेट मीटरसह (घेतलेल्या विजेतून दिलेली वीज वजा करणारं मीटर), तेवढी वीज देतो. हेच ३० वेगवेगळ्या खांबांवर करायला २.२५ किलोवॅट पॅनेल आणि ३० बॅटऱ्या लागतात. कारण साधं आहे: खांबावरची बॅटरी उन्हाळ्यात दुपारी १२-१ वाजताच भरते, पुढचं ऊन वाया. लाइन चालू आहे तोवर ग्रिडवरच्या पॅनेलचं युनिट वाया जात नाही.

एक गोष्ट ठराव होण्याआधीच करून टाका. पुष्कळ गावांत पथदिव्यांसाठी वेगळी, बंद-चालू करता येणारी फेज नसते आणि दिवे दिवसाही जळत राहतात. तसं असेल तर त्या एका चुकीने वापर दुप्पट होतो. अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल टायमर बसवा. त्यात गावाचे अक्षांश-रेखांश भरले की सूर्यास्त-सूर्योदयाची वेळ तो ऋतूप्रमाणे स्वतः बदलतो. ३० एलईडीचा भार ६०० वॅट, म्हणजे ३ अँपिअरच्या आतबाहेर. छोटा कॉन्टॅक्टर (टायमरच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) पुरतो.

पाणंद रस्ता: इथे सौरच. सव्वा किलोमीटर लाइन ओढायची तर वीसपेक्षा जास्त सिमेंटचे खांब, प्रत्येकी तीनशे किलोच्या वर, शिवाय अ‍ॅल्युमिनियमची तार आणि वाटेतल्या झाडांची छाटणी. एवढं सगळं १२ दिव्यांसाठी. इथे सौर दिवा कार्बनच्या हिशेबातही सरस आणि १२ व्होल्टचा असल्याने शॉकची भीती नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीत कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. तुटलेल्या तारेवर अवलंबून नसलेला दिवा तेव्हा किती मोलाचा ठरतो, ते तिथल्या लोकांना विचारावं.

देवराईच्या सहा दिव्यांबद्दल रातवा यांनी लिहावं, त्यांचा विषय आहे.

---

रातवा

लिहितो. सौर दिव्यांच्या चर्चेत वीज कुठून येते यावरच सगळा भर असतो. दिव्यातून बाहेर पडतो तो उजेड, त्याचं काय? निशाचर कीटकाला तो कोळशावर जळतोय की उन्हावर, याने काही फरक पडत नाही. उलट सौरमुळे एक नवा तोटा आला आहे: जिथे लाइन नव्हती म्हणून अंधार शाबूत होता, तिथेही आता खांब रोवता येतो. ओढा, देवराई, तळ्याचा काठ, जंगलातली वाट, सगळीकडे.

तुमचा भाग काजव्यांचा. भंडारदरा-पुरुषवाडी पट्ट्यात मेच्या अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत काजवे हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर जमतात. नर-मादीची सगळी बोलणी लुकलुकण्यातून होतात. पांढऱ्या दिव्याखाली मादीला नराची खूण दिसत नाही, जोडी जमत नाही, अंडी पडत नाहीत. अळ्या पुढे बरेच महिने ओलसर माती-पालापाचोळ्यात राहून गोगलगायींवर जगतात, म्हणजे ओढ्याकाठची तीच जागा जिथे तुम्ही खांब रोवणार आहात. एखाद्या वर्षात हे कळून येत नाही. काही वर्षांनी झाडं काळी दिसू लागतात, तोवर कारण कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं.

म्हणून देवराईचे सहा दिवे रद्द करा असं मी स्पष्ट सांगेन. तिथे रात्री कोण जातं? यात्रेच्या रात्री लागला उजेड तर हातात टॉर्च घ्या किंवा तात्पुरते दिवे लावा. ओढ्यावर पायवाटेची फरशी असेल आणि लोक अंधारात ती ओलांडत असतील, तर तेवढा एक दिवा ठेवा, कमी उंचीचा.

उरलेल्या सगळ्या दिव्यांसाठी चार अटी दरपत्रकात घाला.

रंग: तो केल्विनमध्ये मोजतात, आकडा मोठा तितका प्रकाश निळसर. ६५०० केल्विन नको. त्यात निळा भाग सर्वांत जास्त, तोच किडे सर्वाधिक खेचतो आणि स्वच्छ हवेत सर्वाधिक विखुरतो.  गावठाणात ३००० केल्विन, पाणंदीवर २७०० किंवा २२०० केल्विनचा पिवळसर. वॅटमागे उजेड काहीसा कमी पडतो, तो चालतो.

तोंड: दिवा जमिनीला समांतर, क्षितिजाच्या वर शून्य उजेड. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा सिल्लारी आणि आसपासच्या गावांतले पथदिवे हटवले नाहीत, जमिनीकडे तोंड करणारे बसवले. गाव अंधारात गेलं नाही आणि आकाशही वाचलं.

उंची: पाणंदीवर ६ मीटर कशाला? ४ ते ४.५ मीटर पुरे. उजेड वाटेवर पडतो, शेजारच्या झाडीवर नाही.

वेळ: रात्री १० नंतर २०-३० टक्के उजेड आणि माणूस आला की पूर्ण. काजव्यांच्या महिनाभरात झाडीलगतचे दिवे ९ नंतर बंद ठेवता येतील असा प्रोग्रॅम कंट्रोलरमध्ये हवा.

समुद्रकाठच्या वाचकांसाठी एक जोड. वेळास, आंजर्ले, गुहागरकडे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून वर आली की उजळ क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे धावतात. किनाऱ्याच्या मागे पांढरा दिवा असेल तर ती उलटी गावाकडे चालू लागतात. पुळणीवर सौर खांब लावण्याचे प्रस्ताव 'पर्यटन आणि पर्यावरण' अशा दुहेरी नावाने येतात. निदान घरटी असण्याच्या महिन्यांत तरी तिथे दिवा नको.

---

पाणंदकर

रातवा, तुमचं सगळं मान्य, पण एक बाजू मांडते. पाणंदीवर मण्यार, फुरसं रात्रीच बाहेर पडतात. २० टक्के उजेडात पायाखालचा साप दिसेल का? आणि सेन्सरवाले दिवे पाहिलेत, माणूस थेट खांबाखाली आल्यावर पेटतात, तोवर जे व्हायचं ते होऊन जातं. वन्यजीव जपायचे म्हणून बायकांनी अंधारात चालायचं असं होऊ नये.

---

रातवा

अगदी बरोबर मुद्दा, आणि याचं उत्तर दिव्याच्या मांडणीत आहे. संध्याकाळी ६.३० ते १०, लोकांची ये-जा असते तेवढा वेळ दिवा पूर्ण उजेडात राहावा, सेन्सरशिवाय. मंद करायचं ते त्यानंतर. सव्वा किलोमीटरला १२ दिवे म्हणजे दर शंभर मीटरला एक. सारख्या अंतरावर लावले तर मधले पट्टे अंधारेच राहतात आणि उजेडातून अंधारात शिरताना डोळ्यांना जास्तच काळोख वाटतो. त्यापेक्षा जागा निवडून लावा: वळणं, ओढ्याची उतरण, दगडी बांध जिथे वाटेला चिकटतो त्या जागा, झुडपांचा दाट पट्टा. वाटेच्या दोन्ही कडांचं एकेक मीटर गवत नियमित काढलं तर सापाच्या बाबतीत तेवढाच उपयोग होतो. टॉर्च तरीही हातात हवीच.

सेन्सर उशिरा पेटतो त्याचं तांत्रिक कारण कंट्रोलर_बॉक्स यांना माहीत असेल.

---

कंट्रोलर_बॉक्स

सेन्सरपासून सुरू करतो. स्वस्त दिव्यांत पीआयआर सेन्सर असतो. माणसाच्या अंगाची उष्णता इकडून तिकडे सरकली की तो ओळखतो. त्याचा पल्ला ६-८ मीटर. खांबच ६ मीटरचा असेल तर पल्ला सगळा उंचीतच संपतो आणि माणूस बुंध्याशी आल्यावर दिवा उजळतो. ४ मीटरच्या खांबावर तोच सेन्सर बरा चालतो. मायक्रोवेव्ह सेन्सर लांबून पकडतो, पण हलती फांदी आणि जोराचा पाऊसही पकडतो, त्यामुळे पावसाळ्यात रात्रभर पूर्ण उजेड आणि सकाळपर्यंत बॅटरी रिकामी.

आता मूळ दरपत्रकाकडे. सरकारी योजनांत १२ वॅट दिवा, ७५ वॅट पॅनेल आणि १२.८ व्होल्ट ३० अँपिअर-अवर लिथियम बॅटरी ही जुळणी सर्रास दिसते, आणि ती विचार करून केलेली आहे. तुमच्या पुरवठादाराने पॅनेल-बॅटरी तीच ठेवून दिवा २० वॅटचा केला आहे. कागदावर 'जास्त उजेड' दिसतो. जुलैत काय होईल ते मांडतो.

३० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ३८४ वॅट-तास. त्यातले ८५ टक्के वापरायचे धरले तर ३२५. २० वॅटचा दिवा पूर्ण रात्र जाळला तर २४०. म्हणजे मधे ऊन पडलं नाही तर दुसऱ्या रात्री मध्यरात्रीआधीच अंधार. १२ वॅटचा दिवा ४ तास पूर्ण आणि ८ तास निम्मा चालवला तर ९६ वॅट-तास, म्हणजे ऊन न पडता तीन रात्री निघतात.

पॅनेलची बाजू: तुमच्याकडे जुलै-ऑगस्टसाठी दिवसाला २.५ तासांचंच पूर्ण ऊन धरा, वर्षाच्या सरासरीवर जाऊ नका. धूळ, उष्णता, वायर, कंट्रोलर आणि बॅटरीतली घट धरून ६५ टक्के हातात येतं. ७५ गुणिले २.५ गुणिले ०.६५, उत्तर १२२ वॅट-तास. ९६ ची गरज त्यात बसते, १७० ची बसत नाही, २४० ची तर नाहीच. २० वॅट हवाच असेल आणि रात्री निम्मा करायचा असेल, तर पॅनेल किमान १०५-११० वॅट आणि बॅटरी ५० अँपिअर-अवर लागेल. पाणंदीला १२ वॅट भरपूर झाला.

तूट पडली की बॅटरी मरते कशी, हे दोन्ही प्रकारांत वेगळं आहे.

लेड-अ‍ॅसिड: पावसाळाभर अर्धवट भरलेली राहिली की प्लेटवर सल्फेटचे कडक स्फटिक बसतात आणि ते नंतर पूर्ण ऊन मिळालं तरी विरघळत नाहीत. ऑक्टोबरात दिवा तीन-चार तासच चालू लागतो, लोक म्हणतात पॅनेल खराब झालं. त्यात उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटर घालायला कुणी खांबावर चढत नाही. तापमान २५ अंशांच्या वर दर ८-१० अंशांनी हिचं आयुष्य निम्मं होतं, आणि पॅनेलखालचा बंद लोखंडी डबा एप्रिलमध्ये किती तापतो ते हात लावून बघावं.

लिथियम फेरो फॉस्फेट: हिच्यात बीएमएस नावाचं संरक्षक सर्किट असतं. बॅटरी फार उतरली की ते पुढचा रस्ता तोडतं. इथपर्यंत ठीक. पण बरेच कंट्रोलर बॅटरीचा व्होल्टेज दिसल्याशिवाय जागेच होत नाहीत, आणि बीएमएस चार्जिंग आल्याशिवाय रस्ता उघडत नाही. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. वर लख्ख ऊन, पॅनेल चांगलं, बॅटरी चांगली, आणि दिवा कायमचा बंद. 'बॅटरी गेली' म्हणून काढलेल्या डब्यांपैकी बऱ्याच या कारणाने काढलेल्या असतात. मल्टिमीटर घेऊन बघा: बीएमएसच्या बाहेरच्या टोकांवर शून्य किंवा दोन-तीन व्होल्ट, पण आत प्रत्येक सेलवर २.५ च्या वर असेल तर १४.४ व्होल्टचा, २-३ अँपिअरला मर्यादित केलेला लिथियमचा चार्जर काही मिनिटं जोडा. बीएमएस उघडलं की दिवा परत चालू. एखादा सेल २ व्होल्टच्या खाली गेला असेल तर मात्र ती बॅटरी पुन्हा भरू नका, ती धोक्याची.

आणखी एक जागा जिथे हमखास घोळ होतो: लेड-अ‍ॅसिड मेल्यावर तिच्या जागी लिथियम बसवतात आणि कंट्रोलर जुनाच ठेवतात. जुन्या कंट्रोलरचं इक्वलायझेशन (लेड-अ‍ॅसिडला अधूनमधून दिलेलं जादा चार्जिंग) १४.८-१५ व्होल्टपर्यंत जातं. चार सेलच्या लिथियमची वरची हद्द १४.६. बीएमएस रोज दुपारी तुटत राहतं.

एकत्र दिव्यांबद्दल, म्हणजे पॅनेल, बॅटरी, दिवा सगळं एकाच चपट्या पेटीत. बसवायला सोपे, म्हणून दरात स्वस्त. पण पॅनेल दक्षिणेकडे २० अंश कलवलं की दिवाही कलतो आणि उजेड वर, लोकांच्या खिडक्यांत जातो. सपाट ठेवलं तर धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा साचते, पावसानेही धुऊन जात नाही. शिवाय रस्ता ज्या दिशेला असेल त्या दिशेला पॅनेलचं तोंड करावं लागतं. पॅनेल वेगळं आणि दिवा वेगळा असलेलाच घ्या.

ऑनलाइन '३०० वॅट' लिहिलेल्या दिव्यांना भुलू नका. परीक्षा सोपी आहे: पॅनेलची लांबी-रुंदी मीटरमध्ये गुणा, २०० ने गुणा. ०.५ गुणिले ०.३५ मीटरचं पॅनेल ३५ वॅटच्या फारसं पुढे जाऊच शकत नाही, मग दिवा ३०० चा रात्रभर चालणार कसा?

झाडांचं राहिलं. पॅनेलमधले सेल एका माळेत असतात, एका फांदीची सावली तीन-चार सेलवर पडली तरी सगळ्या पॅनेलची वीज कोसळते. मग दरवर्षी फांद्या तोडल्या जातात. वड-पिंपळ छाटून 'पर्यावरणपूरक' दिवा चालवण्यात अर्थ नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे खाली असतो, तेव्हाची सकाळी ९ ते दुपारी ३ ची सावली पाहून जागा ठरवा. खांब दहा मीटर सरकवणं झाड तोडण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

---

दुसरी_बाजू

वॅटमीटर यांच्या छतावरच्या संचाच्या सल्ल्यावर एक शंका. छतावरचं पॅनेल दिवसा वीज देतं, दिवे रात्री जळतात. नेट मीटरवर बेरीज-वजाबाकी शून्य दिसली तरी रात्रीची ती वीज कोळशाचीच, चंद्रपूर-कोराडीची. महाराष्ट्रात शेतीचे फीडर (शेतपंपांना वीज देणाऱ्या वेगळ्या वाहिन्या) दिवसा सौरवर जात आहेत, म्हणजे दिवसाची वीज आणखी स्वच्छ होणार आणि रात्रीची तशीच राहणार. मग रात्री स्वतःच्या बॅटरीवर जळणारा खांब जास्त खरा नाही का?

---

वॅटमीटर

मुद्दा रास्त आहे आणि पुढच्या दहा वर्षांत त्याचं वजन वाढणार आहे. रात्री वाचवलेलं युनिट दिवसाच्या युनिटपेक्षा मोलाचं, हे मान्य. पण त्यासाठी ३० ठिकाणी ३० छोट्या बॅटऱ्या उन्हात टांगायची गरज नाही. ग्रामपंचायत कार्यालयात सावलीत, भिंतीवर, एकच ५ किलोवॅट-तासांची लिथियम बॅटरी ठेवली तर ३० दिव्यांची जवळजवळ एक रात्र निघते: ३० गुणिले १७०, म्हणजे ५.१ युनिट. पूर्ण रात्र नाही निघाली तरी संध्याकाळचे पहिले सहा-सात तास, जेव्हा ग्रिडवर ताण सर्वाधिक, ते नक्की निघतात. सावलीतली बॅटरी जास्त टिकते आणि तपासायला शिडी लागत नाही. निधी पुरत नसेल तर आज एलईडी आणि टायमर करा, बॅटरी नंतर. क्रम बदलू नका.

---

डोंगरवाट

खूप स्पष्ट झालं. गावठाणात एलईडी + टायमर + छतावर १.५ किलोवॅट, पाणंदीवर १२ वॅटचे सौर, देवराईचे रद्द, असा सुधारित प्रस्ताव मांडतो. दोन गोष्टी राहिल्या: संपलेल्या बॅटऱ्या आणि पॅनेल यांचं नेमकं काय करायचं? आणि निविदेत काय लिहावं म्हणजे दिवे टिकतील?

---

जुनंपानं

भंगाराचं मी सांगतो.

मूळ प्रस्तावातल्या ७५ अँपिअर-अवरच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं वजन २५ किलोच्या आसपास. ४८ म्हणजे १,२०० किलो, त्यात सुमारे ७०० किलो शिसं आणि शिशाची संयुगं. दर तीन-चार वर्षांनी एवढा माल गावाबाहेर जाणार. शिशाला भाव आहे, त्यामुळे बॅटरी उकिरड्यावर पडत नाही, भंगारवाला दारातून नेतो. अडचण पुढे आहे. अनधिकृत भट्टीवाला ती कुऱ्हाडीने फोडतो, अ‍ॅसिड जमिनीत ओततो आणि शिसं उघड्यावर वितळवतो. धूर तिथल्या मुलांच्या रक्तात जातो. चार पैसे जास्त मिळतात म्हणून त्याला द्यायची नाही.

लिथियम फेरो फॉस्फेटची गोष्ट उलटी. तिच्यात शिसं नाही, कोबाल्ट-निकेलही नाही, म्हणून खाणीचा बोजा कमी. ३० अँपिअर-अवरची बॅटरी चार किलोच्या आसपास भरते. पण आत महाग धातू नसल्याने भंगारात तिला कुणी विचारत नाही, ती शाळेच्या खोलीत किंवा कचऱ्याच्या ढिगात पडून राहते. ढीग पेटवला तर त्यातल्या इलेक्ट्रोलाइटमधून हायड्रोजन फ्लोराइडचा विषारी वायू निघतो. जपून ठेवायची तर टोकांना चिकटपट्टी लावून, कोरड्या जागी, एकमेकींना न चिकटवता.

कायद्याने दोन्हींची जबाबदारी उत्पादकावर आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे ऑगस्ट २०२२ मध्ये आले, त्याआधी २००१ चे नियम होते. उत्पादकाने जुनी बॅटरी परत घेऊन नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे पोचवायची. पॅनेल ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ मध्ये येतात, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. पॅनेलचं सुमारे तीन-चतुर्थांश वजन काचेचं, बाकी अ‍ॅल्युमिनियमची चौकट, प्लास्टिकचे थर, थोडं सिलिकॉन, तांबं, आणि टाक्याच्या सोल्डरमध्ये शिसं. भंगारवाला चौकट काढून घेतो आणि काच ओढ्यात टाकतो, असं होऊ देऊ नका. आणि दिवा बंद पडला म्हणून पॅनेल लगेच कचरा ठरत नाही. काच फुटलेली नसेल तर ते २० वर्षं सहज वीज देतं. अंगणवाडीचा पंखा-दिवा, पाण्याच्या टाकीचा लेव्हल इंडिकेटर, कुठेही चालेल.

---

कंट्रोलर_बॉक्स

निविदेत हे घाला.

दिव्याचा वॅट, रंग आणि मंद होण्याचं वेळापत्रक आकड्यांत. 'किमान ३ रात्री उन्हाशिवाय' ही अट आणि तिचा लेखी हिशेब पुरवठादाराच्या सहीने, जुलैच्या उन्हावर केलेला.

पॅनेल आयएस (भारतीय मानक) १४२८६, बॅटरी आयएस १६२७० प्रमाणित. प्रत्येक पॅनेल आणि बॅटरीवर अनुक्रमांक, त्याची यादी ग्रामपंचायतीकडे. यादी नसेल तर हमीही नाही असं समजा.

बॅटरीचा डबा खांबाच्या वरच्या भागात, पॅनेलच्या सावलीत, पण पॅनेलला न चिकटता, मध्ये हवा खेळायला जागा. वायर खालून आत जाईल अशी ग्लँड (पाणी अडवणारी घट्ट टोपी). वरून छिद्र पाडलं की पहिल्याच पावसात पाणी कंट्रोलरवर.

खांब वितळलेल्या जस्तात बुडवून गॅल्व्हनाइज केलेला, नुसता चंदेरी रंग मारलेला नको. पॅनेल वाऱ्याला आडवं येतं: ताशी १५० किलोमीटरच्या झोतात अर्ध्या चौरस मीटरवर ५० किलोच्या वर दाब येतो. पाया किमान एक मीटर खोल, जे-बोल्टसह, आणि बेसप्लेटखाली पाणी साचणार नाही असा उतार.

पाच वर्षांचा देखभाल करार, आणि दहा टक्के रक्कम पाच समान भागांत दरवर्षी ऑक्टोबरच्या तपासणीनंतरच द्यायची. ऑक्टोबरच का, तर पावसाळ्यातून वाचलेली बॅटरी तेव्हाच कळते. तपासणी अशी: दिवसभर ऊन पडल्यावर सूर्यास्ताला दिवा लागलेला आणि पहाटे ५ वाजता अजून जळत असलेला दिसला पाहिजे, सलग दोन रात्री. बंद दिवा सात दिवसांत चालू, नाहीतर त्या दिव्यामागे दंड.

जुन्या बॅटऱ्या परत नेऊन नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राची पावती ग्रामपंचायतीला देणं पुरवठादारावर बंधनकारक. पावतीवर अनुक्रमांक हवेत, नुसतं वजन नको.

पॅनेल पुसायला गावातलाच माणूस ठेवा. पावसाळा सोडून महिन्यातून एकदा, सूर्य वर यायच्या आत, साधं पाणी आणि लांब दांड्याचं मऊ फडकं. तापलेल्या काचेवर दुपारी थंड पाणी मारलं तर काच तडकू शकते. त्याच फेरीत पाहून घ्या: खांबावरच्या नटाला गंज, डब्याच्या कडेला मुंग्या किंवा गांधीलमाशीचं पोळं, आणि पॅनेलवर नवी आलेली फांदीची सावली.